माळेवाडीची मूठ

"बाई, माझी पाळी आली," असे म्हणून राहेलबाईंनी डोक्यावरचे मडके कार्यालयाच्या पायरीवर टेकवले, काखेतले गाठोडे त्याच्या शेजारी ठेवले आणि पदराने तोंड पुसले.

नोव्हेंबरातली बुधवारची सकाळ होती. एबनेजर सदनाची अधीक्षिका म्हणून ते माझे सहावे वर्ष आणि वयाचे चव्वेचाळिसावे. सदनाच्या आवारात माझ्या परवानगीवाचून पानही हलत नाही, असे लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडत असे.

"कसली पाळी?" मी विचारले.

"ऱ्हायाची. आता हात चालत न्हाईत खुरपनीला. डोळ्यांनीबी कमी दिसतं. म्हनलं, आता जावं आपल्या घरी."

"आपल्या घरी" हे शब्द त्यांनी इतक्या सहजपणे उच्चारले की त्या दुसऱ्याच कोणत्या तरी घराविषयी बोलत आहेत असे क्षणभर मला वाटले. मी त्यांना ओळखत होते. माळेवाडीच्या मंडळीतली ही मजूर विधवा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार कोस चालून आमच्या देवळात येई आणि जाताना सदनात मडके रिकामे करून जाई. याहून अधिक मला तिच्याविषयी ठाऊक नव्हते.

"राहेलबाई, हे सदन मिशनच्या निवृत्त सेविकांसाठी आहे. शाळेतल्या बाया, दवाखान्यातल्या परिचारिका, बायबलबाया. तुम्ही मिशनच्या नोकरीत होता का?"

"न्हाई."

"यजमान?"

"त्ये पाटलाच्या मोटंवर हुते. त्यास्नी जाऊन तीस वर्सं झाली."

"मग कोणत्या नियमाने तुम्हांला खाट देऊ?"

राहेलबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती. वर्गातल्या एखाद्या मुलीने सोपा प्रश्न चुकवावा आणि शिक्षिकेने तिला सांभाळून घ्यावे, तशी ती नजर होती.

"मुठीच्या," त्या म्हणाल्या. "नेओमीबाईंनी शबूद दिलाय. जिची मूठ ह्या घरात, तिची खाट ह्या घरात."

मुठीविषयी सांगितले पाहिजे. नेओमीबाई जगधने ही बायबलबाई होती. म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. तिच्या दोन म्हाताऱ्या सोबतिणी काम सुटल्यावर उघड्यावर पडल्या, तेव्हा तिने त्यांना शाळेच्या मागच्या खोलीत ठेवून घेतले. त्यांना खायला घालायला तिच्याजवळ काही नव्हते. ती सतरा गावे फिरली आणि प्रत्येक ख्रिस्ती बाईकडे तिने एकच गोष्ट मागितली: दळण काढाल तेव्हा सुपातली पहिली मूठ वेगळ्या मडक्यात टाका. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मडकी देवळात वेदीपुढे रिकामी होत. त्या धान्यावर शाळेची ती मागची खोली वाढत जाऊन चोवीस खाटांचे सदन झाले. शास्त्रात एबनेजर म्हणजे साहाय्याचा धोंडा. ते नाव नेओमीबाईनेच दिले. गावकरी मात्र त्याला बायांचा बंगला म्हणत.

मी पुण्याहून संस्था चालवण्याचे शिक्षण घेऊन आले तेव्हा नेओमीबाईला जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि मूठ चालू होती. ज्वारी, बाजरी, हुलगे, मठ, सगळे एकत्र. त्यात खडे, सोंडे, मातीची ढेकळे. सदनातल्या म्हाताऱ्या सकाळचे तीन तास व्हरांड्यात ते निवडत बसत. मला ते दारिद्र्याचे प्रदर्शन वाटे. दुसऱ्याच वर्षी मी परदेशातल्या एका मंडळाशी पत्रव्यवहार करून गव्हाची पोती नियमित मिळवण्याची व्यवस्था केली आणि बायकांच्या वार्षिक मेळाव्यात उभी राहून सांगितले, "यापुढे तुम्ही लेकरांच्या तोंडचा घास काढून इथे आणण्याची गरज नाही. मूठ बंद."

मला वाटले होते, त्यांना आनंद होईल. कोणी काही बोलले नाही. संकोचल्या असतील, असा मी अर्थ लावला.

सोळा गावांची मूठ थांबली. माळेवाडीची थांबली नाही. तिथल्याही बाकीच्या बायकांनी सोडली. एकट्या राहेलबाई आणत राहिल्या. नको म्हणून मन दुखवू नये, एवढ्यासाठी मी स्वयंपाकघरात सांगून ठेवले होते की ते धान्य घेत जा.

त्या दिवशीही तेच झाले. स्वयंपाकीण मार्था बाहेर आली, मडके उचलून आत गेली, तिने ते नेहमीच्या डब्यात ओतले आणि रिकामे मडके आणून दिले.

"नेओमीबाईंचा हा शब्द कुठे लिहिलेला आहे?" मी विचारले.

"लिवायचं कशाला? आमाला वाचाया कुठं येत हुतं!" राहेलबाई हसल्या. "त्या सांगायच्या, आमी मुठी टाकायचो."

"शनिवारी व्यवस्थापक समितीची बैठक आहे. तोपर्यंत पाहुण्यांच्या खोलीत राहा. निर्णय समिती देईल."

"दिऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि गाठोडे उचलून विचारले, "मला कंच्या अंगाची खाट येईल वो? सकाळचं ऊन येतं त्या अंगाची आसली तर बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर मी व्हरांड्यातून फेरी मारत होते. राहेलबाई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आरामखुर्चीत सलोमीबाई शिरसाठ. सलोमीबाई निवृत्त मुख्याध्यापिका; मला चौथीपर्यंत शिकवलेल्या. सदनात मला एकेरी नावाने हाक मारण्याचे धाडस त्या एकट्याच करत.

"बाई, मी कशाला हात लावू?" राहेलबाईंनी मला विचारले. "कालपासून नुसती बसलेय. धान्य निवडाया आना की. डोळ्यांनी न्हाई, पर बोटांनी खडा कळतो मला."

"धान्य निवडायचे काम आता इथे नसते. गहू स्वच्छ येतो."

"मंग ह्या समद्या दिसभर करतात काय?"

"एकमेकींची मापं काढतो," सलोमीबाई म्हणाल्या. "पूर्वी ज्वारीची काढत होतो. इंदूच्या राज्यात प्रगती आहे."

"सलोमीबाई, वयोवृद्धांना विश्रांती मिळावी हाच हेतू होता."

"मिळाली ना. इतकी मिळाली की गेल्या वर्षी तिनेच तिघी गेल्या." मग राहेलबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "ही माझ्या वर्गात होती. वजाबाकी उत्तम यायची. बेरजेला मात्र हातचा विसरायची."

राहेलबाई तोंडावर पदर धरून हसल्या. मला राग आला, पण तो दाखवणे माझ्या पदाला शोभणारे नव्हते.

त्या दिवशी दुपारी मी जाणूनबुजून पाहुण्यांच्या खोलीवरून गेले. आतून बोलणे ऐकू येत होते. सलोमीबाई तिथेही जाऊन बसल्या होत्या.

"दुष्काळाच्या साली काय टाकत होतीस मडक्यात?" त्या विचारत होत्या.

"मूठच."

"होती घरात?"

"खडी फोडाया जायचो, तिथं सुकडी द्यायचे. त्यातली चिमूट ठिवायचे. मूठ न्हाई जमली. पर मडकं मोकळं न्हाई आनलं कवा. एकडाव नुसते चिंचुके आनले भाजून. नेओमीबाई आसत्या तर हसल्या आसत्या."

"मूल झालं नाही तुला?"

"झालं. धा महिन्यांचं ऱ्हायलं. त्ये गेलं त्या दिवशीबी दळान काढलं मी. मानसं आलती, भाकरी कराया लागनार. पैली मूठ काढली." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "बाई, मला लई बरं वाटायचं मूठ टाकताना. वाटायचं, कुटंतरी आपलं भरतंय."

मी पुढे गेले. शुक्रवारी मी समितीपुढे मांडायचा अर्ज लिहायला बसले. मनाशी मी ठरवले होते की ही खाट मी मिळवून देणारच. माझ्या शब्दाला समितीत मान होता, आणि मी मागितलेले कधी नाकारले गेले नव्हते. कोणत्या शब्दांत मागायचे, एवढाच प्रश्न होता.

शनिवारी सकाळी बैठकीपूर्वी मी आवाराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे सदनाचे कोंबड्यांचे खुराडे होते. मीच सुरू केलेले. आजारी बायांना रोज एक अंडे मिळावे, हा त्यामागचा विचार. राहेलबाई खुराड्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात पत्र्याचा डबा होता. काही तरी काम द्या म्हणून त्या मार्थाच्या मागे लागल्या होत्या, आणि मार्थाने कोंबड्यांना दाणे टाकायला सांगितले होते.

त्या दाणे टाकत नव्हत्या. डब्यात हात घालून चाचपत होत्या. मग त्यांनी हात बाहेर काढला. बोटांत वाळलेली कडुलिंबाची पाने होती.

"बाई," मला पाहून त्या म्हणाल्या, "ह्यो पाला माझा हाय."

"सोंडं लागू नये म्हनून मी घालते. सावलीत वाळवून. दुसरं कुनी घालत न्हाई आमच्या गावात." त्यांनी ज्वारी तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली. "ही माझी दगडी ज्वारी हाय. बुधवारी आनलेली."

"राहेलबाई, गव्हाची पोती येतात. ही मिसळलेली धान्ये स्वयंपाकघरात वापरता येत नाहीत. आणि काही वाया जात नाही. कोंबड्यांची अंडी आजारी बायांनाच मिळतात."

माझे म्हणणे बरोबर होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"कवापासून?"

"चार वर्षे झाली."

"चार वर्सं," त्यांनी म्हटले. हिशेब करत असाव्यात तसे त्यांचे ओठ हलले. पण तो हिशेब त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. "आसं व्हय."

मला वाटले, त्या उठून जातील. त्या उठल्या नाहीत. हातातला पाला त्यांनी पदराच्या टोकाला बांधला, डबा मांडीवर घेतला आणि "ती, ती, ती" करत कोंबड्यांना दाणे टाकू लागल्या. अगदी हळू, एकेक मूठ. डबा रिकामा होईपर्यंत. मग तो पालथा घालून बुडाशी अडकलेले दाणेही त्यांनी झटकले.

"काम आर्धं टाकू न्हाई," त्या म्हणाल्या.

बैठक दहा वाजता सुरू झाली. अध्यक्ष होते पाळक अमोलिक. सावध, सज्जन गृहस्थ. मी राहेलबाईंचा अर्ज वाचून दाखवला.

"हा नेओमीबाईंचा शब्द खरा असेल का हो, बाई?" पाळकसाहेबांनी विचारले.

"खरा असावा. सलोमीबाई शिरसाठ यांनीही तो ऐकला आहे."

"मग पंचाईत आहे. तो शब्द समितीने मान्य केला, तर सतरा गावांतल्या बायका उद्या फाटकाशी उभ्या राहतील. प्रत्येकीने मूठ टाकली आहे. आपल्याकडे खाटा चोवीस."

"तेही खरे आहे."

"तुमचा आग्रह असेल तर असं करू. त्या शब्दाचा उल्लेख नको. निराधार विधवा, विशेष बाब, दयेपोटी प्रवेश, असं लिहू. म्हणजे पायंडा पडणार नाही आणि म्हातारीचीही सोय होईल. चालेल?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. मी म्हणू शकत होते की या बाईला दया नको आहे. तिचे घेणे आहे, ते द्या. मग वाद झाला असता, कदाचित खाट गेली असती, आणि माझ्या कारकिर्दीतला एक निर्णय समितीसमोर पुन्हा उकरला गेला असता. मला खाट हवी होती. ती मिळत होती.

"चालेल," मी म्हटले.

सह्या झाल्या. नऊ नंबरची खाट मोकळी होती; पूर्वेच्या खिडकीशी, जिथे सकाळचे ऊन येते. ही बातमी मी स्वतः द्यायला निघाले. सहसा मी निरोप पाठवत असे.

राहेलबाई कार्यालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. गाठोडे बांधलेले होते. शेजारी रिकामे मडके. सलोमीबाई काठी टेकून मागे उभ्या होत्या, आणि प्रथमच त्यांच्या तोंडून काही टोमणा निघाला नाही.

"समितीने मान्य केले," मी म्हटले. "नऊ नंबरची खाट. ऊन येते त्या बाजूची."

"लई उपकार, बाई." त्या उभ्या राहिल्या. "कंच्या नावानं दिली?"

"म्हणजे?"

"म्हंजी, मुठीच्या नावानं का दयेच्या?"

मी आयुष्यात खोटे बोलले नाही. त्या क्षणीही बोलले नाही.

"निराधार विधवा म्हणून. विशेष बाब."

राहेलबाईंनी मान हलवली. जणू त्यांना ते आधीच ठाऊक होते आणि खात्री तेवढी करून घ्यायची होती.

"निराधार मी कवाच नव्हते, बाई. दाल्ला गेला, लेकरू गेलं, तरीबी नव्हते. हे घर हुतं की मला."

"ते घर आजही आहे. खाट तयार आहे. आत चला."

"न्हाई. मला माझं खायाचं हुतं." त्या किंचित हसल्या. "त्ये कोंबड्यांनी खाल्लं. आता जे खाईन, त्ये तुमचं."

"राहेलबाई, हा हट्ट आहे. भाच्याच्या घरी तुम्ही गोठ्यात झोपता, हे मला कळले आहे."

"गोठ्यात झोपते. मागून न्हाई झोपत." मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, आमच्या जुन्या माणसांच्या रीतीने सलाम म्हटले, मडके उचलून डोक्यावर ठेवले आणि चालू लागल्या.

"इंदू," सलोमीबाई म्हणाल्या, "जा तिच्या मागं. चार पावलं जा."

मी गेले नाही. एकदा दिलेले पुन्हा नेऊन हातात कोंबण्याची मला सवय नव्हती. फाटकाबाहेर वळणावर ते मडके बराच वेळ दिसत राहिले, कारण राहेलबाई ठेंगण्या होत्या आणि कुंपणावरून फक्त मडकेच दिसत होते.

नऊ नंबरची खाट मी कोणाला दिली नाही. समितीने दोनदा विचारले. मी सांगितले, प्रवेश झालेला आहे, व्यक्ती यायची आहे. येतील, असे मला खरोखर वाटत होते. थंडी वाढली की येतील. पहिल्या रविवारी देवळात मी माळेवाडीच्या बाकांकडे पाहत असे. डिसेंबरात त्या आल्या नाहीत. जानेवारीत नाहीत. फेब्रुवारीतही नाहीत.

मार्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर सहज सांगितले, "तुमच्या त्या राहेलबाईंना आठवड्यापूर्वी माती दिली आम्ही. न्यूमोनिया झाला होता म्हणतात."

त्याच दिवशी मी एसटीने माळेवाडीला गेले. अधीक्षिका म्हणून मी त्या गावात पूर्वी कधी पाऊल ठेवले नव्हते. भाचा शांतवन कामावर गेला होता. त्याची बायको यमुना हिने घोंगडी अंथरली आणि पाण्याचा तांब्या आणला. माझ्यासमोर काय बोलावे, हे तिला कळत नव्हते.

"आत्याबाईंचं सामान काय न्हाई, बाई. दोन लुगडी हुती. एक त्यांच्या अंगावर गेलं. आन् ते मडकं."

मडके चुलीच्या बाजूला होते. मी जवळ जाऊन आत हात घातला. तळाशी कडुलिंबाची वाळलेली पाने होती. दाणा नव्हता.

"शेवटी शेवटी मूठ काढणे बंद केले होते का त्यांनी?" मी विचारले.

"बंद? न्हाई वो!" यमुना एकदम बोलकी झाली. "त्याचंच तर मला लई वाईट वाटायचं. दळान काढलं की पैली मूठ बाजूला. यंदा ज्वारी न्हाई पिकली आमची, उसनं आनत हुतो. मी म्हनायचे, आत्याबाई, आता बंगल्यावर तर तुमी जात न्हाई, मंग मूठ कशापायी? तर म्हनायच्या, रीत हाय, मोडू न्हाई. आन् घरात कमी पडू नये म्हनून आपली एक भाकरी कमी केली त्यांनी. सांजच्याला नुसतं पानी पिऊन निजायच्या. मला उशिरा ध्यानात आलं, बाई. ख्रिस्ताशपथ, उशिरा आलं."

"आणि ती मूठ? ती कुठे ठेवत?"

यमुनाने अंगणाकडे हात केला. तिथे दोन-तीन कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

"त्यास्नी टाकायच्या. अंगनात बसून, ती ती ती करत. मी भांडले एकदा. म्हनले, मानसाच्या तोंडचं काढून कोंबड्यास्नी घालता, पाप लागंल. तर म्हनल्या, तुला काय कळतंय? बंगल्यावर आता आसंच करत्यात. मोठ्या बाईंनी रीत लावलीय. त्या शिकल्याल्या हायेत." ती माझ्याकडे पाहू लागली. तिचे वय पंचविशीच्या आतले असेल. "खरं का वो, बाई?"

"होय," मी म्हटले. "खरे आहे."

"मंग बरं. मला वाटलं, म्हातारपनी डोस्कं फिरलं त्यांचं."

निघताना मी मडके मागितले. यमुनाने दिले नाही. "त्यात आता मी टाकते," ती म्हणाली. "त्यांनी सांगून ठिवलंय. पन बाई, कोंबड्यास्नी टाकू, का तुमाला आनून देऊ?"

मी तिला काय उत्तर दिले, ते आज आठवत नाही. काही तरी दिले असेल. एसटी गावाबाहेर येईपर्यंत मी पदर तोंडाशी धरून बसले होते, आणि शेजारच्या बाईने विचारले तेव्हा धूळ आहे असे सांगितले. म्हणजे मी एकदा खोटे बोलले आहे.

या गोष्टीला पस्तीस वर्षे झाली. सदनाचा यंदा अमृतमहोत्सव आहे. निवृत्त झाल्यावर नियमाप्रमाणे मला इथेच प्रवेश मिळाला आणि पंधरा वर्षे मी नऊ नंबरच्या खाटेवर आहे. सकाळचे ऊन येते.

गेल्या आठवड्यात सध्याची अधीक्षिका सुवार्ता स्मरणिकेची मुद्रिते घेऊन माझ्याकडे आली. पहिल्याच लेखाला "मुठीतून उभे राहिलेले घर" असे नाव दिले होते आणि मुखपृष्ठावर मडक्याचे चित्र. तिने ते मला वाचून दाखवले. चांगले लिहिले होते. शेवटी एक वाक्य होते: "काळाच्या ओघात मुठीची प्रथा बंद पडली."

"पेन आण," मी म्हटले.

सावकाश, अक्षर वाचता येईल असे काढले. ते वाक्य खोडून मी लिहिले: "मुठीची प्रथा अधीक्षिका इंदुमती हिवाळे यांनी बंद केली. माळेवाडीच्या राहेलबाई मकासरे यांनी ती मरेपर्यंत चालवली."

सुवार्ताने ते दोनदा वाचले. "बाई, असं छापायचं? तुमच्याबद्दल?"

"जसे आहे तसे छाप. एक शब्द बदलायचा नाही."

"या राहेलबाई इथं राहत होत्या का? रजिस्टरमध्ये नाव आहे, पण पुढं काहीच नाही."

"तीन रात्री. पाहुण्यांच्या खोलीत."

ती कागद गोळा करू लागली. भली मुलगी आहे; मला वाईट वाटले असेल असे वाटून विषय बदलावा म्हणून तिने विचारले, "बाई, तुमच्या माहेरून पण येत असेल ना तेव्हा मूठ? तुमच्या आई टाकत असतील?"

माझे वडील नगरच्या मोठ्या देवळाचे पाळक होते. आमच्या घरी दळणाला बाई होती. मी तिच्या हातातून मुद्रितांचे पहिले पान परत घेतले, मडक्याचे ते चित्र एकदा पाहिले आणि पान तिला दिले.

"नाही," मी म्हटले. "आमच्या घरची मूठ या घरात कधीच पडली नाही."